शिखरावरचे नाव

वकिली करणाऱ्या माणसाला नावाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. त्याच्या धंद्याचा निम्मा भाग नावांवरच चालतो. जमीन कोणाच्या नावावर आहे, दत्तकपत्रात कोणाचे नाव घातले आहे, मृत्युपत्रातून कोणाचे नाव गळले आहे, हेच प्रश्न दिवसभर त्याच्या कानांवर पडत असतात. आमच्या कोळारच्या बाजूला, बिदर-कलबुर्गीच्या सीमाभागात, यात आणखी एक भर पडते. एकाच इसमाचे नाव निजामाच्या काळच्या उर्दू दप्तरात एका तऱ्हेने, कानडी पहाणीत दुसऱ्या तऱ्हेने आणि मराठी लग्नपत्रिकेत तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले सापडते. मग हे तिघे एकच आहेत, असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. अशी प्रतिज्ञापत्रे मी किती लिहिली असतील याची गणती नाही. तथापि नाव देण्याचा अधिकार मुळात कोणाला असतो, हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारला नव्हता. तो विचारण्याचा प्रसंग एका देवळाच्या कामामुळे आला, आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मन अंटार्क्टिकातील एका पर्वतापर्यंत जाऊन पोहोचले.

आमच्या भागातील एका जुन्या देवळाच्या सभामंडपाचे छत नव्याने घालायचे ठरले. गावाचे नाव सांगत नाही. तसली गावे सर्वत्र आहेत. वर्गणी जमली, आणि ठरावीक रकमेच्या वर देणाऱ्यांची नावे संगमरवरी फरशीवर कोरून ती दर्शनी भिंतीत बसवावी, असा ठराव झाला. ठरावाचा मसुदा माझाच होता. माझे वडील वारून तेव्हा वर्ष झाले होते. त्यांच्या नावाने मीही रक्कम भरली होती. नावांचा क्रम रकमेप्रमाणे लावावा की मानाप्रमाणे, यावर तीन बैठका झाल्या. दोन घराण्यांचे बोलणे बंद झाले. अखेर कशीबशी यादी तयार होऊन पाथरवटाच्या हाती पडली. त्याने फरशी मोजली, यादी मोजली आणि शांतपणे विचारले, “वकीलसाहेब, नावं सगळी बसत्यात, पण मग देवाचं नाव कुठं घालू? जागा उरत नाही.”

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू उरले नव्हते.

त्याच आठवड्यात स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणाऱ्या माझ्या पुतण्याने विचारले, “काका, अंटार्क्टिकात सिन्हा नावाचा डोंगर आहे म्हणतात, खरं का?” शोध घेता ते खरे निघाले. त्या खंडाच्या पश्चिम भागात मेरी बर्ड लँड नावाचा एक अफाट हिमप्रदेश आहे. त्यातील मॅकडोनल्ड हाइट्स या उंचवट्याच्या दक्षिण भागात सुमारे ९९० मीटर उंचीचा एक पर्वत आहे, त्याचे नाव माउंट सिन्हा. मूळचे बिहारचे आणि पुढे अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अध्यापन करणारे प्राणिशास्त्रज्ञ अखौरी सिन्हा यांच्यावरून ते ठेवलेले आहे. १९७१-७२ च्या सुमारास अमेरिकन तटरक्षक दलाच्या ‘साउथविंड’ आणि ‘ग्लेशियर’ या जहाजांवरून गेलेल्या पथकात ते होते. बेलिंग्सहाउझेन आणि अमुंडसेन या हिममय समुद्रांतील सील, देवमासे आणि पक्षी यांची गणना करणे हे त्या पथकाचे काम. अंटार्क्टिकातील नावे ठरविणाऱ्या अमेरिकन समितीने या कामाची आठवण म्हणून त्या पर्वताला त्यांचे नाव दिले.

आपल्या देशातील एका माणसाचे नाव एवढ्या दूरच्या शिखरावर असावे, याचा आनंद मला झाला. परंतु आनंदाच्या पाठोपाठ पाथरवटाचा प्रश्न आला. पर्वताने तर नाव मागितले नव्हते. मग हे नाव पर्वताचे, की माणसाचे? आणि जेथे हरकत घेणारे कोणीच नाही, तेथे नाव देण्यात योग्य-अयोग्य असे काही उरते का?

या शेवटच्या प्रश्नाचे गांभीर्य कळण्यासाठी, जेथे हरकत घेणारे होते असे एक उदाहरण आधी पाहू. ते आमच्या अंगणातलेच आहे. हिंदुस्थानची जी महान त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासेकडून सुरू झाली, ती उत्तरेकडे सरकत आमच्या मुलखातून गेली. विल्यम लॅम्बटन याने १८१५ साली बिदरजवळ पायारेषा मोजली. पुढे १८४१ मध्ये ती पुन्हा मोजण्यात आली. लॅम्बटन १८२३ साली मोजणीच्या वाटेवरच वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे वारला आणि त्याची कबर तेथेच आहे. त्याच्यामागून हे काम जॉर्ज एव्हरेस्ट याच्याकडे आले. या मोजणीतील ठाण्यांची नावे पाहण्यासारखी आहेत. बिदरच्या किंचित उत्तरेकडील अक्षांशावरचे दमरगिद्दा, माळव्यातले कल्याणपूर, डेहराडूनकडचे बानोग. ही सारी त्या त्या ठिकाणची, लोकांच्या तोंडची नावे. टेकडी लहान असो की मोठी, तिचे नाव खालच्या गावात विचारून घ्यावे, हीच त्या खात्याची रीत होती.

या रीतीला सर्वांत मोठा अपवाद जगातील सर्वोच्च शिखराच्या बाबतीत झाला. कागदोपत्री ते नुसते ‘शिखर क्रमांक १५’ होते. राधानाथ सिकदार आणि त्यांच्या बरोबरीचे गणक यांनी केलेल्या आकडेमोडीतून त्याची उंची २९,००२ फूट ठरली आणि १८५६ मध्ये ती जाहीर झाली. तेव्हाचा प्रमुख अँड्र्यू वॉ याचे म्हणणे असे की, नेपाळ बंद, तिबेट बंद, स्थानिक नाव विचारायला जाता येत नाही. तेव्हा शिखराला आपल्या पूर्वीच्या वरिष्ठाचे नाव द्यावे. या सूचनेला हरकत कोणी घ्यावी? खुद्द एव्हरेस्टने! हिंदुस्थानातील लोकांना आपले नाव धड लिहिताही येणार नाही आणि उच्चारताही येणार नाही, असे त्याने सांगितले. तथापि १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने तेच नाव कायम केले. तिबेटी लोक त्या शिखराला चोमोलुंग्मा म्हणत होते आणि आजही म्हणतात. ज्यांनी विचारले नाही त्यांना ते ऐकू आले नाही, इतकेच. येथे अन्याय कोणावर झाला हे सांगता येते. ज्यांच्या तोंडी आधीपासून एक नाव होते, त्यांच्या बोलण्याला जगाच्या नकाशावर जागा मिळाली नाही.

अंटार्क्टिकात अशी अडचण नाही. तेथे कधीही मनुष्यवस्ती नव्हती. पर्वताचे जुने नाव पुसले गेले, अशी तक्रार कोणी करू शकत नाही. तेव्हा प्रथमदर्शनी असे वाटते की तेथे कोणी काहीही नाव द्यावे, त्यात नैतिक प्रश्न कसला? मला मात्र नेमके उलट वाटू लागले आहे. हरकत घेणारा समोर असला म्हणजे आपण भीतीने किंवा भिडेने का होईना, नीट वागतो. हरकत घेणारा कोणीच नसेल तेव्हा आपण जे करतो त्यावरून आपली परीक्षा होते. तेथील नावे पर्वतांविषयी काहीच सांगत नाहीत. नाव देणाऱ्याच्या मनात कोणाला किती जागा होती, ते मात्र सांगतात.

या दृष्टीने त्या खंडाचा नकाशा वाचला तर त्यात आपली गावाची दुनियाच दिसू लागते. तेथील सर्वोच्च शिखर माउंट विन्सन, उंची ४,८९२ मीटर. हे नाव अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील एका सभासदाचे, कार्ल विन्सन यांचे आहे. त्यांनी अंटार्क्टिकाच्या संशोधनाला सरकारी पाठबळ मिळवून दिले, म्हणून. आमच्या भाषेत सांगायचे तर ते मोठे देणगीदार; त्यांचे नाव फरशीवर सर्वांत वर. सील मोजण्यासाठी हिमसागरात राबलेल्या सिन्हांना मिळाला तो ९९० मीटरचा लहान डोंगर. रकमेप्रमाणे क्रम लावण्याची पद्धत आमच्या देवळापुरतीच नाही, हे पाहून मला थोडे समाधान आणि पुष्कळ वाईट वाटले. मेरी बर्ड हे नाव संशोधक रिचर्ड बर्ड यांच्या पत्नीचे. आपल्या भारतीय मोहिमा ज्या किनाऱ्यावर उतरल्या तो किनारा नॉर्वेच्या राजकन्येच्या नावाचा, आणि त्यामागची भूमी त्याच देशाच्या मॉड राणीच्या नावाची. राजा, राणी, धनिक, वरिष्ठ अधिकारी, पत्नी आणि क्वचित काम करणारा माणूस, असा हा क्रम आहे.

येथपर्यंत माणसाचा अहंकार दिसला. पण कायद्याने त्या अहंकाराला तेथे एक मर्यादा घातली आहे, आणि वकील म्हणून मला ती विशेष मोलाची वाटते. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा राष्ट्रांनी वॉशिंग्टन येथे अंटार्क्टिक करारावर सह्या केल्या. २३ जून १९६१ पासून तो अमलात आला. सात राष्ट्रांनी त्या भूमीवर आधीच हक्क सांगितले होते. कराराच्या चौथ्या कलमाने ते हक्क मान्यही केले नाहीत आणि नाकारलेही नाहीत. ते गोठवून ठेवले, आणि करार चालू असेतो तेथे केलेल्या कोणत्याही कृत्यावरून कोणालाही नवा हक्क सांगता येणार नाही, असे ठरविले. भारत १९ ऑगस्ट १९८३ रोजी या करारात सामील झाला आणि २०२२ मध्ये आपल्या संसदेने त्यासाठी स्वतंत्र अधिनियमही केला. सिन्हा पर्वत ज्या मेरी बर्ड लँडमध्ये आहे, त्याच्या बहुतेक भागावर तर कोणत्याच राष्ट्राने हक्क सांगितलेला नाही. आपल्याकडे वारस नसलेली मालमत्ता सरकारजमा होते. तेथे जमा करून घ्यायला सरकारच नाही.

म्हणजे तेथे नाव आहे, पण पहाणी नाही. महाराष्ट्रातील वाचकांच्या भाषेत, सातबारा नाही. आमच्या पक्षकारांना हे समजावून सांगताना आमचा घसा कोरडा पडतो. महसुली कागदात नाव लागले म्हणजे मालकी आली, असे त्यांना वाटते. फेरफाराची नोंद ही सारा कोणाकडून घ्यायचा यासाठी असते, तिने मालकी जन्माला येत नाही, हे आपल्या न्यायालयांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. तेच तत्त्व अंटार्क्टिकात एका संपूर्ण खंडाला लागू झाले आहे, आणि त्याचे फळही दिसते. १९३८-३९ मध्ये नाझी राजवटीतील जर्मनीची एक मोहीम तेथे गेली. विमानांतून धातूचे भाले हिमावर टाकण्यात आले आणि त्यांवर स्वस्तिक कोरलेले होते. आपण ज्या चिन्हाने घराचा उंबरठा मंगल करतो, त्याचा उपयोग हद्द मारण्यासाठी झाला. तो दावा टिकला नाही. त्या मोहिमेतील वैमानिक शिर्माखर याला आकाशातून दिसलेल्या खडकाळ, हिममुक्त पट्ट्याला त्याचे नाव मात्र राहिले. त्याच शिर्माखर पट्ट्यात १९८९ पासून भारताचे ठाणे उभे आहे, आणि त्याचे नाव आहे ‘मैत्री’.

आपली नावे कशी आहेत, हेही पाहिले पाहिजे. दुसऱ्याची फरशी वाचून आपली झाकणे बरे नव्हे. भारताची पहिली मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून ‘पोलर सर्कल’ या जहाजातून निघाली. एकवीस जणांची ती तुकडी ९ जानेवारी १९८२ रोजी हिमखंडावर उतरली. १९८३-८४ च्या तिसऱ्या मोहिमेत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या डॉ. अदिती पंत आणि भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता या दोन महिला होत्या. भारतीय मोहिमेतून त्या खंडावर गेलेल्या त्या पहिल्या स्त्रिया. त्याच मोहिमेत पहिले कायम ठाणे उभे राहिले, त्याचे नाव ‘दक्षिण गंगोत्री’. त्यानंतरची नावे ‘मैत्री’ आणि २०१२ मधले ‘भारती’. तिन्हींत एकही माणसाचे नाव नाही. हे आपल्या परंपरेला शोभणारे झाले असे मी म्हणतो. पण दक्षिण गंगोत्री हिमात रुतत गेली आणि १९९० मध्ये ती वापरातून काढावी लागली. राहिले काय? पहिल्या मोहिमेतील सदस्यांच्या नावांचा तेथे लावलेला फलक. आंतरराष्ट्रीय कराराखालील ऐतिहासिक स्थळांच्या यादीत तो ४४ वा आहे. ज्यांनी आपले ठाणे माणसाच्या नावाने ओळखले जाऊ दिले नाही, त्यांनाही आपण येथे आलो होतो, हे लिहून ठेवावेसे वाटले. त्यात मला दोष दिसत नाही. अर्थात, या दोन गोष्टींत फरक आहे. ‘आम्ही येथे आलो होतो’ ही साक्ष झाली. ‘हे आमच्या नावाचे आहे’ हा दावा झाला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. जे बोलू शकत नाही, त्याला नाव देणाऱ्याचे कर्तव्य काय? या प्रश्नाचे उत्तर मला देवस्थानांच्या कायद्यात सापडते. आपल्या कायद्याने देवतेला व्यक्ती मानले आहे. तिच्या नावाने मिळकत असते, ती दावा लावू शकते. पण ती स्वतः बोलत नाही, म्हणून काही बाबतींत तिला अज्ञान बालकासारखे मानतात आणि तिच्या वतीने दुसऱ्या कोणी उभे राहावे लागते. प्रमथनाथ मलिक यांच्या प्रसिद्ध खटल्यात १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने असे सांगितले की, मूर्ती कोठे राहावी याबाबत देवतेच्या इच्छेचाही विचार झाला पाहिजे, आणि तिची बाजू मांडण्यासाठी ज्याचा स्वतःचा त्यात स्वार्थ नाही असा माणूस नेमला पाहिजे. साहेबांच्या न्यायासनाने मूर्तीची इच्छा विचारावी याचे काहींना नवल वाटले असेल. गोव्यातील वाचकांना वाटणार नाही. देवाच्या अंगाला पाकळ्या लावून उजवा-डावा प्रसाद घेतल्याखेरीज तेथे महत्त्वाचे काम निघत नाही. मुक्यालाही विचारले पाहिजे, ही शिकवण त्या पाकळीत आहे.

पर्वताच्या अंगाला पाकळी लावता येत नाही. म्हणून तेथे विश्वस्ताचा नियम लागू होतो. १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्याच्या ५१ व्या कलमाचा सारांश असा की, विश्वस्ताने ताब्यातील मिळकतीचा उपयोग स्वतःच्या फायद्यासाठी करू नये. ज्याच्या वतीने आपण बोलतो त्याला बोलता येत नसेल, तर हे बंधन सैल न होता अधिक घट्ट होते. अज्ञान बालकाच्या घरावर पालकाने आपल्या नावाची पाटी ठोकली, तर न्यायाधीश त्याला काय म्हणतील हे सांगायला नको. पर्वताला नाव देणारा आणि देवळाच्या भिंतीवर नावे कोरणारा, दोघेही अशा पालकाच्याच जागी आहेत. मी स्वतः त्या जागी होतो, आणि पाटी मीच ठोकायला निघालो होतो.

आपल्या जुन्या रीतींत हे शहाणपण पुष्कळ ठिकाणी मुरलेले आहे. पूजेच्या आरंभी संकल्प सोडताना आपण प्रथम द्वीप सांगतो, खंड सांगतो, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर बसलो आहोत ते सांगतो, मग संवत्सर आणि तिथी, आणि सर्वांच्या शेवटी आपले गोत्र आणि नाव. भूमीच्या ओळखीत माणूस स्वतःला बसवितो. आडनावांचेही तसेच. मंगेश हा देव. त्याच्या वास्तव्याने जागा झाली मंगेशी. आणि तेथला माणूस झाला मंगेशकर. सोळाव्या शतकात त्या देवाला कुशस्थळी सोडून प्रियोळास यावे लागले, तरी नावाची ही उतरण बदलली नाही. नाव देवाकडून गावाकडे आणि गावाकडून माणसाकडे आले. शिखराला माणसाचे नाव देताना हीच वाट उलटी चालली जाते.

शिवाय ध्रुवावरील पर्वताला आपल्या पूर्वजांनी फार पूर्वीच एक नाव देऊन ठेवले होते. सूर्यसिद्धांतात मेरू पर्वत भूगोलाच्या मध्यातून आरपार गेलेला वर्णिला आहे. त्याच्या उत्तर टोकाशी देव राहतात, दक्षिण टोकाशी असुर, आणि दोघांनाही सहा महिने सूर्य दिसतो व सहा महिने दिसत नाही. लोकमान्य टिळकांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याच दीर्घ अहोरात्राच्या आधारे आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाकडे असल्याचे प्रतिपादन केले. तो सिद्धांत आज विद्वान मानत नाहीत. उत्तर ध्रुवावर पर्वत नाही. तेथे बर्फाखाली सुमारे चार हजार मीटर खोल समुद्र आहे. त्या समुद्राच्या तळाशी २००७ साली रशियाच्या पाणबुड्यांनी आपल्या देशाचा धातूचा ध्वज रोवला. एका बाजूला न पाहिलेल्या पर्वताला दिलेले आणि कोणाचाही दावा नसलेले नाव, दुसऱ्या बाजूला जेथे कोणी राहू शकत नाही तेथे रोवलेला ध्वज. दोन्ही माणसाचीच कृत्ये आहेत.

येथे कोणी म्हणेल, वकीलसाहेब, हा आपला शहाणपणा पोथीतला आहे. आपल्या रस्त्यांवर, चौकांवर, पाणपोयांवर आणि देवळांच्या पायऱ्यांवर नावांची काय कमतरता आहे? हा आक्षेप खरा आहे आणि मी तो मान्य करतो. दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. कृतज्ञता व्यक्त करणे चूक कसे? सिन्हांनी नाव मागितले नव्हते. इतरांनी त्यांच्या श्रमाची जाणीव ठेवली. नावे लिहिलीच नाहीत तर राबणारी माणसे विसरली जातील, आणि राजे-राण्यांची नावे तर कशीही टिकतातच. पंढरपूरच्या महाद्वारातील पायरी या बाबतीत पुष्कळ शिकविते. भक्तांची पायधूळ लागावी म्हणून नामदेवांनी तेथे समाधी घेतली, असे परंपरा सांगते. लोकांनी त्या पायरीलाच नामदेवांचे नाव दिले. जो पायाखाली गेला त्याचे नाव सर्वांच्या तोंडी राहिले. परंतु त्याच पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, आणि त्यांना त्यांच्या हयातीत आत जाण्याची मुभा नव्हती, हे विसरून चालणार नाही. आपण कोणाची नावे लिहिली एवढेच पाहणे पुरेसे नाही. कोणाची लिहिली नाहीत, हेही मोजले पाहिजे. आमच्या यादीत छत घालणाऱ्या एकाही गवंड्याचे नाव नव्हते. चाळीस वर्षे देऊळ झाडणाऱ्या बाईचेही नव्हते.

सगळा विचार करून मी पुढच्या बैठकीत माझाच ठराव मागे घेतला आणि नवा मांडला. फरशीवर देवाचे नाव आणि जीर्णोद्धाराचे वर्ष, एवढेच असावे. देणाऱ्यांची आणि राबणाऱ्यांची नावे देवळाच्या वहीत, रक्कम न दाखविता, एकत्र लिहावी. आणि दरवर्षी वर्धापनदिनी ती वही देवापुढे मोठ्याने वाचावी. नाव दगडात राहिले म्हणजे ते हक्क सांगू लागते. वर्षातून एकदा वाचले म्हणजे ती आठवण होते. ठराव थोड्या मतांनी संमत झाला. दोघांनी आपली वर्गणी परत मागितली आणि ती द्यावी लागली. मंडपाच्या एका बाजूचे काम त्यामुळे आजही अपुरे आहे. तेव्हा माझ्या तत्त्वाची किंमत देवाला द्यावी लागली, असे म्हणणारे गावात आहेत आणि त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही.

फरशी बसल्यावर आईला दर्शनाला नेले. तिने भिंतीकडे पाहिले. “ह्यांचं नाव कुठं आहे रे?” तिने विचारले. मी म्हणालो, वहीत आहे. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “एकदा वाचून दाखव.” मी वही आणून वाचली. वडिलांचे नाव गवंड्याच्या नावाखाली आणि झाडणाऱ्या बाईच्या नावावर होते. आईने ते ऐकले आणि जपाची माळ हाती घेतली. तिला पटले की नाही, हे मला अद्याप कळलेले नाही; विचारण्याचे धैर्य झालेले नाही.

तिच्या माळेकडे पाहताना मात्र एक गोष्ट लक्षात आली. माळेत एकशे आठ मणी असतात आणि वर एक मोठा मणी असतो, त्याला मेरू म्हणतात. प्रत्येक मण्याला एकेक नाम मोजले जाते. बोट मेरूपाशी आले की तेथे नाम मोजत नाहीत आणि मेरू ओलांडीतही नाहीत. माळ फिरवून पुन्हा खालच्या मण्यांकडे येतात. ध्रुवावरच्या पर्वताचे हे नाव लहानपणापासून माझ्या घरात होते, आणि त्याच्याशी कसे वागावे हे आईच्या बोटांना ठाऊक होते.